तीन हिवाळ्यांचं हरीण

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या आमच्या घरात, बेसमेंटमधल्या वॉशिंग मशीनशेजारी, एक लांबट पांढरा फ्रीजर होता आणि त्यात तीन हिवाळ्यांचं हरीण साठलेलं होतं. तपकिरी कागदात घट्ट बांधलेली पुडकी होती ती. प्रत्येकावर जाड काळ्या पेनानं लिहिलेलं असे: मांडी, पाठ, खिमा. आईनं ती सगळी दोन-दोन पिशव्यांत गुंडाळून एका निळ्या टोपलीत ठेवली होती, आणि टोपली व आमची कोंबडी यांच्यामध्ये पुठ्ठ्याची भिंत उभी केली होती. कुणी ते मांस खाल्लं नाही, कुणी टाकलंही नाही. कपडे धुवायला खाली गेलं की मला तो फ्रीजर घुमताना ऐकू यायचा आणि वाटायचं, हा आपल्या घरातला सर्वांत मोठा खोटेपणा आहे आणि तो आपण वीज जाळून गार ठेवतो आहोत.

आम्ही कोकणातले मराठी ज्यू, बेने इस्राएल. आमच्या खाण्याचे नियम आहेत आणि घरात त्यांचे तज्ज्ञ होते एझ्रामामा, आईचे धाकटे भाऊ. ते जवळच्या वॉन शहरात एका वेअरहाऊसमध्ये कामाला होते, पण शुक्रवार आला की आमच्या बेसमेंटमधल्या सोफ्यावर हजर. पहिलं पुडकं घरात आलं तेव्हा मामांनी त्याला हात न लावता, मागे हात बांधून, चारही बाजूंनी पाहिलं आणि निकाल दिला, "हरीण चालतं. खूर दुभंगलेला आहे, रवंथही करतं. गोळी चालत नाही." म्हणजे प्राणी आम्हाला चालणारा होता, मरण चालणारं नव्हतं. ते नियमाप्रमाणे, माणसाच्या हातातल्या धारदार सुरीनं आलं असतं तर आम्ही बोटं चाटून खाल्लं असतं.

ते पुडकं आणणारा माणूस होता गॉर्ड. पोलादाच्या कारखान्यात बाबा त्याच्या हाताखाली क्रेनचं काम शिकले. साठीला आलेला, उंच, कानाच्या पाळ्या कायम लाल. आमच्या पहिल्या हिवाळ्यात त्यानं बाबांना बूट कुठले घ्यायचे ते सांगितलं, गाडीला विंटर टायर स्वतः बसवून दिले आणि ड्राइव्ह-वेवरचं बर्फ फावड्यानं उपसताना कंबर कशी सांभाळायची ते मला करून दाखवलं. नोव्हेंबरमध्ये एका रविवारी दार वाजलं. बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. गॉर्ड दोन्ही हातांत ते पुडकं धरून उभा होता, एखादं बाळ धरावं तसा. म्हणाला, "सॅम, पाठीचा तुकडा आहे. सगळ्यांत चांगला. तुझ्यासाठी राखून ठेवला." बाबांचं नाव शमुवेल. त्यांनी पुडकं घेतलं आणि थँक्यू म्हटलं. पुढच्या आठवड्यात गॉर्डनं विचारलं, कसं लागलं? बाबा म्हणाले, फार छान. कसं केलं? बाबा म्हणाले, "माझी बायको नारळाच्या दुधात करते."

झालं. एका वाक्यातून तीन वर्षांचा संसार उभा राहिला. दर नोव्हेंबरला पुडकी येत राहिली, दर डिसेंबरला नारळाच्या दुधाची चौकशी होत राहिली.

हे सगळं मला इतकं का झोंबायचं ते कळायला बाबांची ट्रंक सांगायला हवी. मुंबईत बाबा एका छापखान्यात अक्षरजुळारी होते. तिथे पाठ्यपुस्तकं छापली जात, लग्नपत्रिका छापल्या जात, आणि मालक जेवायला गेला की कामगारांची पत्रकं छापली जात. छापलेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत बाबांनी जपली. कॅनडाला येताना आईला पितळेचा बंब आणायचा होता. आली ती पत्रकांची ट्रंक. मुंबईत मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. इतर मुलांनी परीकथा वाचल्या असतील, मी "बंधूंनो आणि भगिनींनो, आता गप्प बसू नका!" वाचलं. नवव्या वर्षी मी स्वयंपाकघराच्या दारावर "कारल्याची सक्ती बंद करा" असं पत्रक चिकटवलं होतं, खाली तीन मागण्या. आईनं त्याच पानावर उत्तर लिहिलं, "मागण्या फेटाळल्या. ताट संपव." बाबांनी ते पानही ट्रंकेत ठेवलं. आज पस्तिशी जवळ आलीय, लेख लिहून पोट भरते, आणि अजूनही एखादा संपादक माझ्या मजकुरातली दोन-तीन उद्गारचिन्हं काढून टाकतो तेव्हा मला वाटतं, हा मालक जेवून परत आला वाटतं.

तर अशा मुलीच्या घरात हा फ्रीजर. एका शुक्रवारी मी बाबांना धरलंच. शुक्रवारची दुपार म्हणजे आमच्या घरात नारळ खवल्याचा आवाज. मांसाबरोबर दूधदुभतं आम्हाला चालत नाही, त्यामुळे आमची सगळी श्रीमंती नारळात. आई विळीवर बसलेली, पांढरा चव परातीत पडतोय, कुकरच्या शिट्ट्या, मिरं-धण्यांचा वास, आणि खालून मामांची प्रार्थनेची गुणगुण. आजही भर थंडीत कुणाच्या घरातून भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला की मी फुटपाथवर उभी राहते.

"बाबा, खोटं बोलायला कुठल्या पत्रकात परवानगी आहे?" मी विचारलं.

बाबा कांदा चिरत होते. "मालकाशी खरं बोला, असं छापलंय. मित्राशी कसं बोलायचं ते अजून कुणी छापलेलं नाही."

"सोपं आहे. 'गॉर्ड, आम्ही हे खात नाही.' पाच शब्द."

"पहिल्या दिवशी पाच शब्द होते गं," बाबा म्हणाले. "आता तीन वर्षं आहेत."

आई विळीवरूनच म्हणाली, "आणि मी? मी तीन वर्षं तुमच्या कारखान्यात सुप्रसिद्ध आहे. एकदा कळू दे तरी, मी काय रांधते ते!"

त्या वर्षी मी शाळेच्या लायब्ररीत शिकारीचा इतिहास वाचत होते आणि रागानं पेटले होते. या प्रांतात एके काळी आकाश काळं करणारे पारव्यांचे थवे होते, ते मारून संपवले. एल्क नावाची थोराड हरणं संपवली. रानटी टर्की, कोंबडीच्या जातीची पण कितीतरी मोठी, जी इथल्या दक्षिणेच्या जंगलांत भरपूर होती, ती एकही उरली नाही. जंगलं तोडली, उरलेलं बंदुकीनं झाडून नेलं. ज्यांची ही भूमी होती, जे पिढ्यान् पिढ्या गरजेपुरतंच मारत आले, त्यांना कुणी विचारलंही नाही. सीमेपलीकडे अमेरिकेतल्या मिशिगनमध्येही हीच गोष्ट: तिथे मूस जवळजवळ नाहीसे झाले. मूस म्हणजे घोड्याहून उंच, फावड्यासारख्या शिंगांचं हरीण. मी पत्रक लिहिलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत: "जंगल रिकामं कुणी केलं?" शंभर प्रती काढल्या. कुठे वाटायच्या तेही ठरवलं. गॉर्डच्या शिकारी क्लबात दर वर्षी फेब्रुवारीत मोठं जेवण व्हायचं, प्रत्येक जण आपल्या शिकारीचा एक पदार्थ आणायचा. तिथेच.

मला वाटलं होतं, आत शिरायला भांडावं लागेल. पण जानेवारीत बाबा कामावरून आले ते कोट न काढता खुर्चीत बसले.

"गॉर्डनं क्लबच्या जेवणाला बोलावलंय," ते म्हणाले. "सगळ्यांना."

"जाऊ की," आई म्हणाली. "सॅलड खाऊ."

"तसं नाही. त्याला तुझं हरीण हवंय. नारळाच्या दुधातलं. साठ माणसांसाठी."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"त्यानं सगळ्यांसमोर विचारलं गं."

"म्हणजे हो म्हणालात!"

एझ्रामामा जिन्यावरून वर आले. त्यांना अशा प्रसंगी फार उत्साह येतो. "थांबा, थांबा. खायला बंदी आहे. शिजवून दुसऱ्याला द्यायला बंदी नाही. फुकट दिलं तर प्रश्नच नाही. मात्र आपली भांडी नाहीत, आपली चूल नाही, आणि ताई, चव बघायची नाही."

"मी चव कधी बघते?" आई फणकारली. "मी नाकानं रांधते." मग तिनं पदर खोचला, खरं तर स्वेटरच्या बाह्या वर केल्या, पण मला ते पदर खोचल्यासारखंच आठवतं. "त्याला सांगा, मांस क्लबचं नको. आमच्या घरचं आणते. तीन वर्षं सांभाळलंय, आता त्याचं सोनं करते."

गॉर्डला तो निरोप फारच आवडला. बाबांना नाही. ते आठवडाभर झोपेत कूस बदलत राहिले, असं आई सांगते. प्रश्न जेवण बनवण्याचा नव्हताच. साठ माणसं जेवायला बसल्यावर बाबांच्या ताटात काय असणार, हा होता. इथे आल्यापासून बाबांचा एकच मित्र होता. बाकी सगळे ओळखीचे.

क्लबचा हॉल शहराबाहेर, शेतांच्या कडेला. आम्ही सकाळीच पोचलो. आई आणि मामा तिथल्या स्वयंपाकघरात शिरले. मामांनी टोपली अशी धरली होती की आत जिवंत नाग असावा. थोड्या वेळानं नारळाचा वास हॉलभर पसरायला लागला, आणि भिंतीवरची शिंगवाली मुंडकी माझ्याकडे बघत होती. माझ्या पिशवीत शंभर पत्रकं. बाबांचा छापखान्यातला एक नियम होता: पहिली प्रत ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या हातात द्यायची, पाठीमागून वाटायची नाही. मी गॉर्डला शोधलं. तो खुर्च्या मांडत होता.

"गॉर्ड अंकल, हे तुमच्यासाठी. मी लिहिलंय. तुमच्याविरुद्ध आहे."

त्यानं खुर्ची खाली ठेवली, चष्मा लावला आणि उभ्या-उभ्या पूर्ण वाचलं. मागचं पानही. मी आयुष्यात इतका लक्ष देणारा वाचक पुन्हा पाहिलेला नाही.

"खरं आहे," तो म्हणाला. "माझ्या आजोबांच्या वेळचं सगळं खरं आहे. ते सांगायचे, संपेल असं कुणाला वाटलंच नाही. पण किडो, तू अर्ध्यावर थांबलीस."

"म्हणजे?"

तो मला भिंतीवरच्या दोन फोटोंकडे घेऊन गेला. एकात हेलिकॉप्टरखाली एक मूस लोंबकळत होता, डोळ्यांवर पट्टी, पाय हवेत, खाली बर्फाळ जंगल. "हा आपला मूस. इथून उचलून मिशिगनला पाठवला. एक नाही, बरेच. त्यांचे संपले होते ना!" दुसऱ्या फोटोत एक लाल कानांचा तरुण पुठ्ठ्याचं खोकं पोटाशी धरून उभा होता आणि खोक्यातून एक टकली निळसर मान बाहेर आली होती, भयंकर संतापलेली. "आणि ही टर्की तिकडून आली. मिशिगनहून, आणखीही काही राज्यांतून. आपल्या रानात एकही नव्हती, मी लहानपणी कधी पाहिली नव्हती. ही खोकी आम्ही उघडली. आम्ही म्हणजे हेच क्लबवाले. आणि मग किती वर्षं त्यांच्यावर बंदूक उचलायची नाही, नुसती मोजायची."

"तो तरुण तुम्ही?"

"केस बघ माझे," गॉर्ड म्हणाला. "केसही संपले. ते मात्र कुणी परत आणले नाहीत."

मी हसले नाही, निदान न हसायचा प्रयत्न केला. मी विचारलं, "परत आणल्या कशाला? मारायलाच ना?"

"हो," तो म्हणाला. "मारायलाही. खोटं कशाला सांगू? पण पहिल्या वसंतात पहाटे ती ओरडली ना, तेव्हा आम्ही सात-आठ धटिंगण गवतात उभे राहून रडलो. तेही लिही."

बंदूक मला आजही पटत नाही. दोन्ही बाजूंचे वाचक मला शिव्या घालतात, आणि त्या दिवसापासून मी दोन्ही बाजूंचं पूर्ण वाचल्याशिवाय लिहीत नाही. पण त्या क्षणी इतकंच वाटलं, की अर्धं खरं सांगून गप्प बसण्याबद्दल मी महिनाभर बाबांना छळते आहे आणि माझ्या पिशवीत त्याच्याच शंभर प्रती आहेत. मी पिशवीची चेन लावून टाकली.

जेवण दुपारी होतं. लांब टेबलं, कागदी टेबलक्लॉथ, रानटी बदकाचं सूप, कसले-कसले सॉसेज, आणि मधोमध आईचं पातेलं. पिवळसर रस्सा, वर कोथिंबीर. लोक वासानंच उठून उभे राहायला लागले. गॉर्डनं डाव हातात घेतला, एक ताट भरलं आणि ते बाबांसमोर ठेवलं.

"तीन वर्षं हा माणूस मला याच्या गोष्टी सांगतोय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पहिला घास त्याचा."

साठ माणसं बाबांकडे बघत होती. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात फडकं. बाबांनी चमचा उचलला. त्यात रस्सा होता, एक लहान तुकडा होता. मला पहिल्यांदा वाटलं, बाबा, खाऊन टाका, मी काही म्हणणार नाही.

त्यांनी चमचा परत ताटात ठेवला.

"गॉर्ड, मी तुझ्या हरणाचा एकही घास कधी खाल्लेला नाही," बाबा म्हणाले. "आमच्या धर्मात गोळीनं मेलेलं चालत नाही. मला पहिल्या दिवशीच सांगायचं होतं. तू बर्फात उभा होतास. मला जमलं नाही."

गॉर्डचे कान नेहमीपेक्षा लाल झाले. "तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"आणि ते मांस? सॅम, ते सगळं मांस तू फेकलंस?" त्याचा आवाज चढला. मला नंतर कळलं, त्या लोकांत याहून मोठं पाप नाही. जनावर मारायचं आणि वाया घालवायचं.

उत्तर आईनं दिलं. दारातून, तिच्या खणखणीत इंग्रजीत, "फेकलं? माझ्या घरात अन्न फेकत नाहीत! एक तुकडासुद्धा नाही. सगळं या पातेल्यात आहे. तुझी तिन्ही हरणं!"

गॉर्डनं पातेल्याकडे पाहिलं. वाकून आत पाहिलं. मग सरळ झाला, बाबांचं ताट स्वतःकडे ओढलं आणि खाली बसून खायला लागला. एक घास, दोन घास. तिसऱ्या घासाला तो म्हणाला, "हा तुकडा पहिल्या वर्षाचा दिसतोय. माझ्या पिकअपहून जुना." आणि कुणीतरी फसकन हसलं. पातेलं अर्ध्या तासात रिकामं झालं. एक बाई आईकडे कृती मागायला आली, तेव्हा आईनं विचारलं, "मीठ बरोबर होतं का? मला माहीत नाही." दूरच्या टोकाला एझ्रामामा चार शिकाऱ्यांना खूर आणि रवंथ समजावत होते. त्यातल्या एकानं विचारलं, म्हणजे जिवंत पकडून आणलं तर चालेल? "चालेल," मामा म्हणाले, "पण तुम्ही त्याच्याइतकं पळायला हवं."

पण गॉर्ड जाताना बाबांशी बोलला नाही. हेही लिहायला हवं. मांस वाया गेलं नव्हतं, तीन वर्षं गेली होती. मार्चभर तो कारखान्यात मान हलवून पुढे जायचा. बाबा घरी येऊन ट्रंक उघडून बसायचे, काही न वाचता. खालचा फ्रीजर आईनं पुसून स्वच्छ केला, त्यात चपात्या ठेवल्या. मी पत्रक पुन्हा लिहिलं, या वेळी मूस आणि खोक्यांसकट, लांब झालं, दोन पानांत मावेना. आणि घर इतकं शांत झालं की मला त्या तीन वर्षांच्या नारळाच्या गप्पांची आठवण यायला लागली.

एप्रिलमधल्या एका शनिवारी संध्याकाळी, शब्बाथचा विसाव्याचा दिवस संपल्यावर, फोन वाजला. गॉर्ड इतकंच म्हणाला, "उद्या पाचला तयार राहा. गरम कपडे. पोरगीला पण आण. तिला लिहायचं असेल."

पहाटे त्याच्या पिकअपमधून आम्ही एका शेताच्या कडेला उतरलो. गॉर्डच्या हातात बंदूक नव्हती. झाडांखाली बर्फाचे शेवटचे पट्टे, गवत ओलं, पूर्वेला नुसती राखाडी रेघ. आम्ही तिघं एका आडव्या ओंडक्यामागे बसलो. गॉर्डनं खिशातून टर्कीला साद घालायचा पाटीचा वाटोळा तुकडा आणि लाकडी काडी काढली, काडी पाटीवर हलकीशी फिरवली. कॉक, कॉक, कॉक. आणि जंगलातून, उंच झाडावरून, कुणीतरी घशात गोट्या भरून हसावं तसा आवाज आला. दुसरीकडून आणखी एक. मग तिसरा.

"घे, सॅम," गॉर्ड कुजबुजला आणि पाटी बाबांच्या हातात दिली.

बाबांनी काडी ओढली. शाळेतल्या फळ्यावर नख ओढल्यासारखी कर्रकन वाजली. गॉर्डनं तोंड फिरवलं. बाबांनी पुन्हा ओढली, मग पुन्हा, अक्षरं जुळवताना व्हायचे तसे गंभीर होऊन. आणि धुक्यातून एक काळा नर बाहेर आला, शेपटीचा पंखा फुलवून, छाती फुगवून, थेट आमच्या दिशेनं डुलत डुलत. बाबांनी माझा दंड घट्ट धरला.

"आला! गॉर्ड, तो आला! मी काय म्हणालो त्याला?"

"तू म्हणालास," गॉर्ड त्यांच्या कानात म्हणाला, "की तू एक तरुण मादी आहेस, एकटी आहेस आणि वाट बघते आहेस."

बाबांनी पाटी खाली ठेवली. "म्हणजे पुन्हा खोटं?"

"पुन्हा खोटं, सॅम. आणि तेही चार मिनिटांत."

बाबा आधी हसले. मग गॉर्ड, खांदे हलेपर्यंत, आवाज दाबायचा प्रयत्न करत. मग मीही. तो नर दचकून थांबला, आमच्याकडे पाहिलं, पंखा मिटला आणि धोतर आवरून पळणाऱ्या भटजीसारखा धुक्यात पळत सुटला, आणि आम्ही तिघं त्या ओंडक्यामागे एकमेकांच्या अंगावर पडून हसत राहिलो, सगळं जंगल जागं होईपर्यंत.